घासलेल्या रेकॉर्ड्स: कुणाला द्यायच्या की टाकून द्यायच्या?

वाडा पाडायला निघाला, घर बदलायचं ठरलं किंवा दिवाळीची आवराआवर सुरू झाली की माझा फोन वाजायला लागतो. "दादा, बाबांच्या रेकॉर्ड्स निघाल्यात. तीस वर्षं माळ्यावर होत्या. घासल्यात, बुरशी आलीय. कुणाला देता येतील का, का सरळ भंगारात घालू?" मी जुन्या तबकड्या जमवणारा हौशी माणूस. माझं दुकान नाही, मी दलालीही करत नाही. पण तेच तेच प्रश्न इतक्यांदा आलेत की म्हटलं, उत्तरं एकदा लिहूनच काढावीत.

खोकं माळ्यावरून खाली आलं. आता पहिल्यांदा काय करू?

काहीच करू नका. पुसू नका, धुऊ नका, वाजवून बघू नका, उन्हात तर अजिबात ठेवू नका. आडव्या रचलेल्या असतील तर पुस्तकांसारख्या उभ्या करा आणि एक वही घ्या. प्रत्येक तबकडीचं कंपनीचं नाव, लेबलवरचा क्रमांक, गायक-गायिका आणि गाण्याचे पहिले दोन शब्द लिहून काढा. शंभर तबकड्यांना एक दुपार पुरते. ठेवायचं, द्यायचं की टाकायचं, हे पुढे या यादीवरूनच ठरतं. फोनवर "खूप जुन्या आहेत हो" एवढंच सांगितलंत तर मीच काय, कुणीही काही सांगू शकणार नाही.

पण आमच्या रेकॉर्ड्स नेमक्या कशाच्या आहेत?

बहुतेक घरांत दोन प्रकार निघतात. जड, जाड, ठिसूळ आणि हातातून पडली की बशीसारखी फुटणारी ती लाखेची. मिनिटाला ७८ फेरे, दहा इंची असेल तर एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचं एक गाणं. लाख, दगडाची पूड, काजळी आणि थोडे सुती तंतू असा त्यातला मालमसाला. आपल्याकडे लाखेच्या तबकड्या १९६० च्या दशकातही निघत होत्या, त्यामुळे "७८ ची म्हणजे शंभर वर्षं जुनी" हा हिशेब चुकीचा.

दुसरी वाकते, पण सहसा फुटत नाही. ती व्हिनाइलची, म्हणजे पीव्हीसीची. मोठी एलपी ३३⅓ फेऱ्यांची, एका बाजूला वीस-पंचवीस मिनिटं चालणारी. छोटी सात इंची बहुधा ४५ फेऱ्यांची.

तिसरा प्रकार क्वचित सापडतो आणि नेमका तोच लोक टाकून देतात. काळी चकचकीत तबकडी, कडेला खरवडलं की खाली ॲल्युमिनियम दिसतं, लेबल कोरं किंवा शाईने हाताने लिहिलेलं. ही कारखान्यात छापलेली नसते, समोर बसवून थेट कापलेली असते, म्हणजे जगात एकच प्रत. तिच्यावरचा थर कालांतराने तडकतो, पापुद्रे सुटतात, वर पांढरी भुकटी धरते. अशी तबकडी सापडली तर वाजवू नका, नुसती बाजूला काढून ठेवा. कुणाचं भाषण, कुणाची रेडिओसाठीची चाचणी, कुणाच्या आत्याचं लग्नाआधीचं गाणं, काहीही असू शकतं.

घासलीय हे कसं ओळखायचं? वरून तर सगळ्याच ओरखडलेल्या दिसतात.

दिसणं आणि वाजणं यांचा फारसा संबंध नाही. केसासारखे वरवरचे ओरखडे भरपूर असले तरी रेकॉर्ड झकास वाजू शकते. उलट वरून आरशासारखी दिसणारी एखादी फाटक्या आवाजात ओरडते.

तबकडी तिरकी धरा आणि बाजूने टॉर्चचा उजेड टाका. लाखेच्या तबकडीची खोबण, म्हणजे सुई फिरते ती बारीक चर, धड असेल तर ती काळीभोर चमकते. झिजलेली खोबण राखाडी, पांढुरकी दिसते, आणि गाणं जिथे वर चढतं तिथे जास्त. जुन्या ग्रामोफोनची पोलादी पिन एका बाजूपुरतीच असायची. डबीवरही तसं छापलेलं असे. पण आपली माणसं काटकसरी, एक पिन आठवडाभर पुरवायची. ती राखाडी पट्टी म्हणजे त्या काटकसरीचा हिशेब.

ऐकायची सोय असेल तर घड्याळ समोर ठेवा. एलपीवर दर १.८ सेकंदांनी 'टक्' येत असेल तर तो एकच आडवा ओरखडा आहे, दर फेऱ्याला सुईखाली येणारा. ७८ च्या तबकडीवर हाच 'टक्' पाऊण सेकंदाने येतो आणि बऱ्याचदा कारण ओरखडा नसून तडा असतो. ही दुखणी सोसण्यासारखी आहेत, संगणकावर आवाजातून काढताही येतात. पण सलग खरखर असेल, 'स' आणि 'श' थुंकल्यासारखे येत असतील, मधल्या लेबलकडे जाताना आवाज फाटत असेल, तर खोबणच गेली म्हणायची. झिजलेली खोबण भरून येत नाही.

घरात प्लेअर नाही. आजोबांचा कर्ण्याचा ग्रामोफोन मात्र आहे. त्यावर लावून बघू?

लाखेची एखादी लावा, नवी पिन घालून. एलपी चुकूनही लावू नका. त्या चावीच्या यंत्राच्या पिनेचा भार शंभर ग्रॅमच्या पुढे जातो, आजच्या प्लेअरची सुई दोन ग्रॅमच्या आसपास टेकते. पोलादी पिन एलपीवर ठेवली की पहिल्याच फेरीला तिचा नांगर होतो. आणि उलटंही खरं: एलपीच्या बारीक सुईने ७८ ची तबकडी ऐकली तर सुई रुंद खोबणीच्या तळाशी गाळात लोळते आणि धडधाकट तबकडीही घासलेली वाटते. "बेकार आहे" म्हणून मला दिलेल्या कितीतरी तबकड्या योग्य सुई लावल्यावर छान वाजल्यात.

बुरशी आलीय. म्हणजे गेली ना?

नाही. कोकणात, मुंबईत, गोव्यात चार पावसाळे काढलेल्या कुठल्याही रेकॉर्डला बुरशी असतेच. बहुतेक वेळा ती वरच बसलेली असते, पुसून जाते. नाकाला रुमाल बांधा, घराबाहेर कोरड्या मऊ ब्रशने झटका. मग डिस्टिल्ड वॉटरमध्ये भांडी घासायच्या लिक्विडचे एक-दोन थेंब, मऊ कापड, आणि हात खोबणीच्या दिशेने गोल फिरवायचा, आडवा नाही. लेबल भिजू द्यायचं नाही. नंतर नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने पुसून सावलीत उभी वाळवा.

एकच गोष्ट लक्षात ठेवा: लाखेच्या तबकडीला स्पिरिट, सॅनिटायझर, कोलन वॉटर काही लावायचं नाही. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. सुतार पॉलिश कसं करतात ते पाहिलंय ना? तेच इथे उलटं होतं. एका उत्साही भाच्याने मामांच्या सगळ्या तबकड्या सॅनिटायझरने 'स्वच्छ' करून माझ्याकडे आणल्या होत्या. हाताला चिकटत होत्या.

कितीही खराब असली तरी टाकू नये, अशी कुठली?

हा खरा प्रश्न. सगळे अवस्थेकडे बघतात, पण आधी बघायचं ते तबकडीवर काय आहे आणि तेच दुसरीकडे कुठे मिळतं का. हजारो घरांत असलेली एलपी घासली की ती प्लास्टिकची थाळी. आणि कुणी ऐकलेलंच नाही अशा गायिकेची तडकलेली ७८ कदाचित तिच्या आवाजाचा उरलेला एकमेव पुरावा.

एकाच बाजूला खोबण असलेली तबकडी निघाली तर जपा, ती बहुधा अगदी सुरुवातीच्या वर्षांतली. ग्रामोफोन कंपनीसाठी फ्रेड गायसबर्गने कलकत्त्यात गायिका गौहरजानचं ध्वनिमुद्रण केलं ते नोव्हेंबर १९०२ मध्ये. सुरुवातीच्या वर्षांत इथले आवाज मेणावर घेऊन जर्मनीत हॅनोव्हरला जायचे, तिथे तबकड्या छापून परत यायच्या. १९०८ साली कलकत्त्यात कारखाना सुरू होईपर्यंत असंच चाललं. त्या काळचे कलाकार गाणं संपलं की स्वतःचं नाव उच्चारायचे, म्हणजे तिकडच्या कारागिरांना लेबल कुणाचं लावायचं ते कळावं.

मग लहान कंपन्या. एचएमव्ही घराघरात आहे. ओडियन, झोनोफोन, ब्रॉडकास्ट दिसल्या की थांबा. 'यंग इंडिया' दिसली तर जरा जास्तच थांबा. ही १९३० च्या दशकात मुंबईत निघालेली देशी कंपनी. तिने बड्या नावांबरोबर नवख्या, हौशी मंडळींनाही गाऊ दिलं. त्यातली बरीच नावं नंतर कुठेच दिसत नाहीत.

विषयावरूनही अंदाज येतो. पोवाडे, लावण्या, कीर्तनं, तमाशातल्या बतावण्या, विनोदी संवाद, पुढाऱ्यांची भाषणं, कोकणीतली तियात्रांची (गोव्यातल्या नाटकांची) कांतारां, म्हणजे गाणी, कुठल्या तरी संस्थेने खास छापून घेतलेल्या तबकड्या. यांच्या प्रती मुळात कमी निघाल्या आणि पुढे कॅसेट-सीडीवर फारशा आल्याही नाहीत. बालगंधर्वांची तबकडी सापडली म्हणून हुरळून जायला होतं, समजू शकतो. पण त्यांच्या तबकड्या इतक्या खपल्या होत्या की चांगल्या प्रती जमवणाऱ्यांकडे आहेत. त्यांच्याच खोक्यात तळाशी पडलेलं अनोळखी नाव आधी बघा.

एक चक्रम वाटणारी टीप: बीटल्सच्या ७८ च्या तबकड्या. बाकी जगात तोवर ही गती जवळपास संपली होती, पण आपल्याकडे कलकत्त्याजवळच्या डमडमच्या कारखान्यात त्या लाखेवर छापल्या गेल्या. जगभरचे शौकीन त्यांच्या मागे असतात. कॉलेजात असताना काकांनी घेतलेली एखादी निघाली तर टाकायच्या आधी मला फोन करा. नंतर केलात तरी करा, दोघं मिळून हळहळू.

दोन वर्षांपूर्वी एका वाड्यातून निघालेली तबकडी माझ्यासमोर होती. लेबल कसरीने निम्मं खाल्लेलं, नावातलं फक्त '...बाई' उरलेलं, कडेपासून लेबलपर्यंत तडा. घरातली सूनबाई म्हणाली, "ही तरी टाकू का?" दोन्ही बाजूंनी धरून हलकेच प्लेअरवर ठेवली. टक्, टक्, टक्, आणि त्या ठेक्यामागून लावणी. गाणं थांबलं, आणि बाईंनी खणखणीत आवाजात आपलं पूर्ण नाव सांगितलं. कसरीने खाल्लेली अक्षरं अशी भरून मिळाली.

फुटलेली असेल तर?

वरच्यापैकी असेल तर तुकडे एकत्र ठेवा, पण फेव्हिक्विकने जोडू नका. तुकडे कोरे राहिले तर तज्ज्ञ माणूस ते जुळवून एकदा तरी आवाज उतरवून घेऊ शकतो. अमेरिकेत लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत तर सुई न टेकवता, खोबणीची छायाचित्रं घेऊन आवाज काढायचं तंत्र तयार झालंय. नेहमीचं सिनेमाचं गाणं असेल तर तुकडे उचला आणि टाका.

मग निर्धास्त टाकावी अशी कुठली?

१९७० नंतरच्या गाजलेल्या हिंदी सिनेमाची एलपी, खोबण झिजलेली, कव्हर नाही किंवा वाळवीने खाल्लेलं. तेच ध्वनिमुद्रण मूळ टेपवरून काढलेलं, तुमच्या मोबाइलवर आहे. 'शोले'च्या संवादांची एलपी केवढी खपली! प्रत्येकाला वाटतं आपल्याकडे घबाड आहे. धड असेल तर शौकीन घेईल, घासलेली असेल तर नाही. उन्हात ठेवून कढईसारखी झालेली एलपीही गेलीच. थोडीशी लहरलेली मात्र दोन जाड सपाट काचांमध्ये, वर वजन ठेवून, महिनाभर विसरून जा. कधी कधी सरळ होते.

तबकडी मेली तरी कव्हर टाकू नका. कव्हर चांगलं आणि तबकडी खराब, तबकडी चांगली आणि कव्हर गेलेलं, अशा अर्धवट जोड्या बऱ्याच घरांत असतात. कुणाचं तरी जुळतं.

संस्था घेतात का? कुठे विचारू?

विचारा, पण यादी हातात घेऊन. मुंबईत सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही जुन्या तबकड्या जमवणाऱ्यांची संस्था १९९० पासूनची. मराठी तबकड्यांची जाण असणारी माणसं तुम्हाला अशा वर्तुळातच भेटतील. शास्त्रीय संगीत असेल तर मुंबईचं एनसीपीए (नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स), कलकत्त्याची आयटीसी संगीत रिसर्च अकादमी, गुरुग्रामचं एथनोम्युझिकॉलॉजीचं, म्हणजे समाज-संस्कृतीच्या अंगाने संगीताचा अभ्यास करणारं, संग्रहालय ही नावं ध्यानात ठेवा. प्रत्येकाचे नियम वेगळे, आणि "तुमच्यातल्या चारच हव्यात" असं उत्तर आलं तर रुसू नका. त्यांच्या कपाटालाही भिंती आहेत.

संस्था नको म्हणाली तरी यादी वाया जात नाही. तीच यादी जमवणाऱ्यांना पाठवा. एकट्या माणसाचं वेड कधी कधी संस्थेपेक्षा जास्त टिकतं.

गावातल्या वाचनालयाला, शाळेला, वृद्धाश्रमाला देऊन टाकल्या तर? तेवढंच पुण्य.

इथे मी जरा कडक बोलणार आहे. त्यांच्याकडे प्लेअर आहे का? सुई बदलून देणारं कुणी आहे का? नसेल तर तुम्ही दान करत नाही, तुमचा माळा त्यांच्या माळ्यावर हलवताय. एका वाचनालयात मी पाहिलंय: कुणी तरी मोठ्या मनाने दिलेल्या दोनशे तबकड्या जिन्याखाली, वर फिनेलचे डबे. नाही म्हणायला जीभ रेटली नाही म्हणून ठेवून घेतलेल्या. पाच वर्षांनी त्यांनीच भंगारवाला बोलावला, आणि त्यात काय होतं ते कुणालाच कळलं नाही. द्यायच्याच असतील तर चालू प्लेअर आणि धड वाजणाऱ्या वीस एलपी द्या. वृद्धाश्रमात संध्याकाळ मजेत जाईल. घासलेल्या टाकायचं काम मात्र तुमचं तुम्हीच करा.

पैसे किती मिळतील?

घासलेल्यांचे? फार नाही. मुंबईच्या चोर बाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात विक्रेता खोकंभर मालाचा एकच भाव करतो, आणि तुमच्यासमोर कुठलीही तबकडी निरखून बघत नाही. घरी जाऊन बघतो. म्हणून यादी आधी.

भंगारवाला नेईल का? नाहीतर कचऱ्यात कशात टाकू?

पीव्हीसीचा पुनर्वापर होतो, पण बाटल्या-डब्यांच्या प्लास्टिकमध्ये तो मिसळून चालत नाही, शिवाय मधे कागदी लेबल. त्यामुळे काही भंगारवाले नेतात, काही हात लावत नाहीत. विचारून बघा. कव्हरचा पुठ्ठा रद्दीत जातो. बाकी सगळं सुक्या कचऱ्यात. लाखेच्या फुटक्या तुकड्यांना धार असते, कागदात गुंडाळून वर 'फुटकं' असं लिहा, कचरा वेचणाऱ्या ताईंचे हात आहेत.

जाळायच्या मात्र नाहीत. शेकोटीत नाही, बंबात तर नाहीच. पीव्हीसी जळलं की हायड्रोजन क्लोराइड सुटतो, घसा आणि डोळे धरतात, आणि डायॉक्सिनसारखी विषारी द्रव्यंही तयार होतात. "एकच तर आहे" म्हणूनसुद्धा नको.

घड्याळ, वाट्या, भिंतीवरची सजावट?

नंबर तपासून झालेल्या, खरोखर मेलेल्या एलपीचं घड्याळ करा, माझी हरकत नाही. ओव्हनमध्ये मऊ करून वाट्या करतात, त्या खाण्याच्या वस्तूंसाठी नकोत, कारण जुन्या पीव्हीसीत शिशाचे क्षार असू शकतात. दिव्याची शेड करू नका, उष्णतेने लोंबेल. आणि हॉटेलच्या भिंतीला खिळे ठोकून लावलेल्या तबकड्यांत मला एकदा अख्खी, न घासलेली ओडियन दिसली होती. तिथलं जेवण कसं होतं ते आठवत नाही.

डिजिटल करून घेतो आणि मग टाकतो. चालेल?

सर्वसाधारण एलपीसाठी छान. दुर्मीळ तबकडी मात्र नंतरही ठेवा. उद्या आणखी चांगली सुई, आणखी चांगलं तंत्र येईल आणि पुन्हा उतरवावंसं वाटेल. उतरवताना खरखर काढलेली आणि न काढलेली अशा दोन्ही फाइल ठेवा, कारण सफाई करताना गळ्याची बारीक हरकतही साफ होते.

यूट्यूबवर टाकायचा विचार असेल तर आपला कायदा असा: ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं. गीतकार-संगीतकारांचा हक्क वेगळा, तो त्यांच्या निधनानंतर ६० वर्षं. तबकडी जुनी म्हणजे सगळं मोकळं, असं नाही.

आम्ही न्यू जर्सीत असतो. बाबांनी सत्तरच्या दशकात नेलेल्या मराठी एलपी तळघरात आहेत.

तिथल्या जुन्या वस्तूंच्या दुकानात देवनागरी कव्हर कुणाला वाचता येणार? एक डॉलरच्या पेटीत पडून राहतील. आधी तिथल्या महाराष्ट्र मंडळाच्या ग्रुपवर यादी टाका. तळघर कोरडं असेल तर त्या एलपी इथल्यापेक्षा चांगल्या असण्याची शक्यता आहे. मुंबईचा पावसाळा त्यांनी पाहिलेलाच नाही. भारतात परत आणायचं वजन फक्त दुर्मीळ चार-पाचांसाठी सोसा.

कुरिअरने पाठवायच्या तर कशा बांधायच्या?

लाखेच्या असतील तर प्रत्येकीला कागद, दोन्ही बाजूंना तबकडीपेक्षा मोठा कडक पुठ्ठा, दहा-दहाचे गठ्ठे, आणि खोक्यात उभ्या. भोवती चारही बाजूंनी चुरगाळलेलं वर्तमानपत्र, हलवलं तर आवाज यायला नको. पन्नास तबकड्यांचं वजन दहा-बारा किलो सहज होतं, त्यामुळे खोकी लहान करा. जमलं तर स्वतःच घेऊन जा. एसटीत मांडीवर ठेवून सोलापूरहून आणलेल्या तबकड्या माझ्याकडे शाबूत आहेत, भारी पॅकिंगने आलेल्या दोन वेळा चुरा होऊन आल्या.

रेकॉर्डांबरोबर पत्र्याची छोटी डबी निघालीय, आत गंजलेल्या पिना. टाकू?

पिना टाका, पोरांच्या पायात जातील. डबी ठेवा. झाकणावर कर्ण्यापुढे बसलेला कुत्रा असेल तर बऱ्याच जणांना ती तबकड्यांपेक्षा प्रिय असते. आमच्याकडच्या डबीत आई हिंग ठेवायची, अजून वास जात नाही.